आयईपी, आयडिया कायदा आणि पन्नास वर्षांत न आलेले चाळीस टक्के

मुक्ता_एडिसन

"वॉशिंग्टनचं शिक्षण खातं बंद झालं तर आमच्या मुलाचा आयईपी राहील का?" गेल्या काही महिन्यांत हा प्रश्न इतक्या मराठी आईवडिलांनी विचारला, की एकेकाला फोनवर सांगण्यापेक्षा इथे सविस्तर लिहिते. (आयईपी म्हणजे दिव्यांग मुलासाठी शाळा आणि पालक मिळून ठरवतात तो त्याचा स्वतःचा लेखी शिक्षण आराखडा.) माझा मुलगा ऑटिस्टिक आहे आणि न्यू जर्सीच्या पब्लिक शाळेत शिकतो. मी वकील नाही. पण या कायद्याने माझ्या मुलाला बोलायला शिकवलंय, त्यामुळे तो मी कसून वाचलाय.

आधी उत्तर: आयईपी राहतो. तो खात्यामुळे मिळालेला नाही, कायद्यामुळे मिळालेला आहे. केंद्राचं शिक्षण खातं सुरू झालं १९८० मध्ये. दिव्यांग मुलांच्या शिक्षणाच्या या केंद्रीय कायद्यावर राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांची सही झाली २९ नोव्हेंबर १९७५ ला. आज त्याला आपण आयडिया म्हणतो, हे नाव १९९० मध्ये आलं. खातं मोडायचं तर काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, कायदा करावा लागतो आणि आयडिया रद्द करायचा तरी तेच. राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने यातलं काहीही होत नाही.

पण काळजी खोटी आहे असं मी म्हणणार नाही. मार्च २०२५ मध्ये त्या खात्यातली माणसं जवळपास निम्म्यावर आणली आणि नागरी हक्कांच्या तक्रारी बघणाऱ्या बारा विभागीय कार्यालयांपैकी सात बंद केली. ऑक्टोबरच्या शटडाऊनमध्ये (निधी मंजूर न झाल्याने सरकारी कामकाज बंद पडलं तेव्हा) तर विशेष शिक्षणाचं काम बघणाऱ्या कार्यालयातल्या बहुतेक सगळ्यांना काढून टाकण्याच्या नोटिसा गेल्या. नोव्हेंबरमध्ये शटडाऊन संपवणारा कायदा झाला, त्यात त्या नोटिसा मागे घ्यायला लावल्या. हक्क कागदावर राहतो, पण राज्यं तो पाळतात की नाही हे तपासणारा माणूसच उरला नाही, तर शाळा हळूहळू ढिल्या पडतात. खरी भीती ती आहे.

आता पैशाचं. १९७५ मध्ये काँग्रेसने स्वतःच कायद्यात लिहून ठेवलं होतं की देशात ऐंशी लाखांवर दिव्यांग मुलं आहेत, त्यातल्या निम्म्याहून अधिकांना योग्य शिक्षण मिळत नाही आणि दहा लाख मुलांना शाळेत प्रवेशच नाही. त्याआधी १९७२ मध्ये पेनसिल्व्हेनिया आणि वॉशिंग्टन डी.सी.मधल्या पालकांनी कोर्टात दोन खटले जिंकले होते. डी.सी.च्या मिल्स खटल्यात शाळांनी पैसे नसल्याचं कारण पुढे केलं. न्यायाधीशांनी ते मानलं नाही. पैसे अपुरे असतील तर आहेत ते सगळ्यांत न्याय्य वाटा, टंचाईचा भार दिव्यांग मुलांवर इतरांपेक्षा जास्त पडता कामा नये, असं निकालात आहे. शाळेच्या मीटिंगमध्ये "बजेट" हा शब्द निघाला की मला हाच निकाल आठवतो.

कायदा करताना केंद्राने राज्यांना एक वचन दिलं. देशात एका मुलामागे सरासरी जो शालेय खर्च होतो, त्याच्या चाळीस टक्क्यांपर्यंतची रक्कम प्रत्येक दिव्यांग मुलामागे केंद्र देईल. १९७८ ला पाच टक्के, मग दहा, वीस, तीस आणि १९८२ पासून चाळीस, असं वेळापत्रकच कायद्यात होतं. ते चाळीस टक्के आजपर्यंत एकदाही आलेले नाहीत. २००९ च्या मंदीत एकरकमी जादा पैसे आले तेव्हा आकडा त्यातल्या त्यात जवळ गेला, पुन्हा खाली आला. सध्या तो बारा टक्क्यांच्या आसपास आहे. राज्यांना जाणारं मुख्य अनुदान वर्षाला सुमारे १४.२ अब्ज डॉलर आणि विशेष शिक्षण घेणारी मुलं सुमारे ७५ लाख. भागाकार केला तर मुलामागे साधारण १,९०० डॉलर. मुलाच्या मदतीला पूर्ण वेळ पॅरा, म्हणजे वर्गातली मदतनीस, ठेवायची तर तिचा दोन महिन्यांचा पगारही त्यात धड निघत नाही.

फोर्ड यांनी सही करतानाच बोलून दाखवलं होतं की केंद्र देऊ शकेल त्याहून जास्त आश्वासन या कायद्यात आहे. ते खरं ठरलं. पण त्याची किंमत आपल्या मुलांनी मोजावी असं कायद्यात कुठेही नाही, आणि हे ठासून सांगायलाच मी हा धागा काढलाय. प्रश्न विचारा, अनुभव लिहा. शाळांची नावं मात्र नकोत.

---

ऋचा_फ्रिस्को

मुक्ताताई, वाचता वाचता डोळे भरून आले. माझा मुलगा येत्या वसंतात तीन वर्षांचा होईल. शब्द फार कमी, नावाने हाक मारली तर वळत नाही. सध्या घरी येऊन स्पीच थेरपी देणारी बाई आहे, ती राज्याच्या अर्ली इंटरव्हेन्शनकडून (तीन वर्षांखालच्या मुलांसाठीची सेवा) येते. तीननंतर शाळेच्या डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे भागातल्या पब्लिक शाळा चालवणाऱ्या ऑफिसकडे, जा म्हणाले. तिथे फोन केला तर उत्तर मिळालं, "अजून लहान आहे, किंडरगार्टनपर्यंत थांबा."

दुसरं म्हणजे आम्ही एच-वन-बी वर आहोत, ग्रीन कार्डच्या रांगेत. सासरची मंडळी म्हणतात, मुलाचं नाव सरकारी मदतीच्या यादीत लागलं तर पुढे अडचण येईल. आणि डेकेअरवाले सांगतात घरी मराठी बंद करा. मी घरी मराठीच बोलते हो, माझी आई फोनवर त्याच्याशी मराठीतच बोलते. काय करू कळत नाही.

---

सुहास_ह्यूस्टन

ऋचा, "थांबा" हे उत्तर टेक्सासमध्ये आम्ही वर्षानुवर्षं ऐकलंय आणि त्यामागची गोष्ट तुला माहीत असायला हवी. २००४ पासून राज्याच्या शिक्षण खात्याने डिस्ट्रिक्टवर देखरेख ठेवताना एक आकडा धरला होता, साडेआठ टक्के. त्याहून जास्त मुलं विशेष शिक्षणात असतील तर डिस्ट्रिक्टच्या गुणांवर परिणाम व्हायचा. देशाची सरासरी तेव्हा तेरा टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे गरज असलेली हजारो मुलं दारातूनच परत गेली. २०१६ मध्ये ह्यूस्टन क्रॉनिकलने हे उघडकीला आणलं. जानेवारी २०१८ मध्ये केंद्राच्या शिक्षण खात्याने टेक्सासने आयडियाचा भंग केल्याचा निष्कर्ष दिला. तो आकडा आता कायद्यानेच बंद आहे. पण त्या काळात लागलेली सवय काही ऑफिसांतून अजून गेलेली नाही.

आमची मुलगी त्याच वर्षांत शाळेत होती. वाचताना अक्षरं लागत नव्हती, डिस्लेक्सिया होता. आम्हाला सांगितलं घरी दोन भाषा बोलता म्हणून होतं. आम्ही ऐकलं. तिची ती वर्षं परत येणार नाहीत. म्हणून तुला कळकळीने सांगतो, फोनवर बोलू नकोस. लिहून दे.

आणि मुक्ताताईंनी देखरेख करणाऱ्या माणसांबद्दल लिहिलंय ना, टेक्सासला चूक कबूल करायला लावणारं तेच वॉशिंग्टनचं विशेष शिक्षणाचं कार्यालय होतं. नोटिसा गेल्या त्या तिथल्याच लोकांना. म्हणून ती बातमी वाचून मला झोप लागली नव्हती.

---

मुक्ता_एडिसन

ऋचा, एकेक घेते.

व्हिसा: १९८२ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्लायलर खटल्यात सांगितलं की इमिग्रेशन स्टेटसवरून मुलाला पब्लिक शाळा नाकारता येत नाही. कागदपत्रं नसलेल्या मुलांनासुद्धा. तुमच्याकडे तर रीतसर व्हिसा आहे. पब्लिक चार्जची, म्हणजे सरकारी मदतीवर विसंबून राहील म्हणून ग्रीन कार्ड नाकारण्याची, जी भीती घालतात, तिथे विशेष शिक्षणाच्या सेवा धरतच नाहीत. शाळेत मिळणारी स्पीच आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) हे शिक्षण आहे, रोख मदत नव्हे. घरच्यांना हे शांतपणे समजावून सांग. एखाद्याची केस वेगळी गुंतागुंतीची असेल तर इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारावं, पण या भीतीने मुलाचं तिसरं वर्ष वाया घालवू नकोस.

तीन वर्षं: जन्मापासून तिसऱ्या वाढदिवसापर्यंत कायद्याचा सी भाग, त्यानंतर बी भाग. मूल पात्र ठरलं तर तिसऱ्या वाढदिवसाला आयईपी तयार हवा, मध्ये खंड पडू नये म्हणून कायद्यानेच ही तारीख बांधलेली आहे. किंडरगार्टनपर्यंत थांबा हे कायद्यात बसत नाही. उलट गरज असलेली मुलं शोधून काढणं ही डिस्ट्रिक्टची स्वतःची जबाबदारी आहे, त्याला चाइल्ड फाइंड म्हणतात.

मराठी: बंद करू नकोस. मूल्यमापन मुलाच्या भाषेत, त्याला जे येतं ते खरंखुरं दिसेल अशा पद्धतीने करायचं हेही आयडियात आहे. मीटिंगला दुभाषा मागण्याचा हक्क आहे. आजी-आजोबांना इंग्रजी नीट येत नसेल आणि तेच मुलाला सांभाळत असतील, तर त्यांना मीटिंगला घेऊन जा. मुलाची ओळख असलेल्या माणसाला आणायचा हक्क पालकांना आहे. आमच्याकडे माझ्या सासूबाईंनी मराठीत जे सांगितलं ते टेस्टमध्ये कुठेच आलं नव्हतं.

---

जयंत_नेपरव्हिल

माझा मुद्दा थोडा वेगळा आहे आणि तो गैरसमज न करता वाचावा. आमच्याकडे प्रॉपर्टी टॅक्सचा मोठा हिस्सा शाळांना जातो. दरवर्षी बिल वाढतं. तरीही या वर्षी शाळेतला ऑर्केस्ट्रा कमी केला, वर्गात मुलं वाढवली. शाळा बोर्डाच्या मीटिंगमध्ये कारण दिलं, विशेष शिक्षणाचा खर्च वाढला. ज्यांच्या मुलांना आयईपी नाही त्या पालकांनी काय करायचं? त्यांच्या मुलांचंही नुकसानच होतंय. हे बोललं की माणूस निष्ठुर ठरतो, म्हणून कोणी बोलत नाही. पण गावात कुजबुज आहे.

---

शाळेतलीच_एक

जयंतकाका, बरं झालं उघड बोललात. मी मेरीलँडमध्ये विशेष शिक्षिका आहे. तुमच्या गावात जे चाललंय त्याची आतली बाजू सांगते.

आयडियात एक अट आहे, मेंटेनन्स ऑफ एफर्ट. डिस्ट्रिक्टने स्वतःच्या पैशातून विशेष शिक्षणावर आदल्या वर्षी जेवढं खर्च केलं, त्याहून पुढच्या वर्षी कमी करता येत नाही, थोडे अपवाद सोडून. ही अट नसती तर केंद्राचा पैसा आला की डिस्ट्रिक्टने आपला काढून घेतला असता. आता बघा, खर्च वाढतोय, केंद्राचा वाटा चाळीसऐवजी बारा, राज्याची मदत अपुरी, आणि विशेष शिक्षणातून कापता येत नाही. मग कुठून कापणार? ऑर्केस्ट्रातून. न्यू जर्सीत तर स्थानिक करवाढीवर दोन टक्क्यांची मर्यादाही आहे. म्हणजे ऑर्केस्ट्रा गेला तो शेजारच्या ऑटिस्टिक मुलामुळे नव्हे. केंद्राने १९८२ पासून जे द्यायचं ठरवलं होतं ते दिलं नाही, म्हणून गेला. बोर्डाच्या मीटिंगमध्ये हे वाक्य कोणी बोलत नाही आणि मग दोन्हीकडचे पालक एकमेकांकडे बघत बसतात.

अमेरिकेच्या पब्लिक शाळांच्या एकूण पैशात केंद्राचा वाटा साधारण दहा टक्क्यांच्या आत-बाहेर असतो, उरलेला राज्य आणि गाव मिळून भरतात. त्यामुळे श्रीमंत गावातलं मूल आणि गरीब गावातलं मूल यांचा कायदा एक असला तरी शाळा एक नसतात. १९७३ मध्ये सॅन अँटोनियोच्या पालकांनी हे सुप्रीम कोर्टात नेलं होतं, ते पाच विरुद्ध चार मतांनी हरले. केंद्राच्या टायटल वन योजनेतून गरीब मुलांच्या शाळांना सुमारे १८ अब्ज डॉलर मिळतात, ती १९६५ ची. तेवढ्याने दरी भरत नाही.

आणि आम्हा शिक्षकांचं म्हणाल तर आमच्याकडे जागा भरत नाहीत. एका केस मॅनेजरकडे (मुलांचे आयईपी सांभाळणारी शिक्षिका) इतकी मुलं असतात की दिवसभर शिकवायचं आणि रात्री आयईपीचे कागद. पॅरांना तासावर इतके कमी पैसे मिळतात की चांगल्या बायका गोदामात कामाला जातात. मूल तिच्याशी रुळलेलं असतं, ती निघून जाते, आणि ते मूल पुन्हा आठवडाभर टेबलाखाली. याला बजेटच्या कागदावर रकाना नाही.

---

जयंत_नेपरव्हिल

ताई, धन्यवाद. मेंटेनन्स ऑफ एफर्टबद्दल मला माहीत नव्हतं. मग पुढचा प्रश्न, काँग्रेस पैसे देत का नाही? विशेष मुलांना मदत नको असं तर कुठलाच पक्ष म्हणत नाही.

---

मुक्ता_एडिसन

कारण चाळीस टक्के ही कायद्यातली कमाल मर्यादा आहे, बंधन नाही. दरवर्षीच्या बजेटमध्ये काँग्रेस जेवढं मंजूर करेल तेवढंच येतं. सोशल सिक्युरिटीच्या पेन्शनसारखं आपोआप जात नाही. हे बंधनकारक करणारं विधेयक, आयडिया फुल फंडिंग ॲक्ट, अनेकदा मांडलं गेलंय. दोन्ही पक्षांचे लोक त्यावर सह्या करतात. ते मतदानापर्यंत पोचत नाही.

त्यात आता मेडिकेडचं, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचं, ओझं आहे. गरीब कुटुंबातल्या मुलाला शाळेत स्पीच किंवा नर्सची सेवा मिळते, तिचे पैसे शाळा मेडिकेडकडून मागू शकते. १९८८ पासून ही सोय आहे. जुलै २०२५ च्या कायद्याने मेडिकेडला मोठी कात्री लावली. ती रक्कम राज्यांवर आली, की राज्यं शाळांच्या मदतीतून भरून काढायला बघतील. ही बाजू बातम्यांत फार येत नाही, पण डिस्ट्रिक्टचे हिशेब बघणाऱ्यांना याचीच जास्त धास्ती आहे.

---

सुहास_ह्यूस्टन

एक भर. पैसे नाहीत म्हणून सेवा नाही असं लेखी कोणी देत नाही. म्हणतात, "त्याला याची गरज नाही." म्हणून निकष माहीत हवा. १९८२ च्या राउली खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की सर्वोत्तम शिक्षण द्यायची सक्ती नाही, काही शैक्षणिक फायदा व्हायला हवा. त्यावर बरीच वर्षं शाळांनी नाममात्र प्रगतीवर भागवलं. २०१७ मध्ये कोलोरॅडोच्या एंड्रू एफ. खटल्यात कोर्टाने एकमताने म्हटलं की मुलाची परिस्थिती बघता त्याची साजेशी प्रगती होईल असाच आयईपी हवा. आयईपीतली तीच ती उद्दिष्टं (गोल्स) दरवर्षी नुसत्या तारखा बदलून आल्या, तर हा निकाल काढा.

खर्चाबद्दल १९९९ चा आयोवाचा गॅरेट एफ. खटला आहे. व्हेंटिलेटरवरचा मुलगा, त्याला दिवसभर नर्सची गरज होती. डिस्ट्रिक्ट म्हणालं परवडत नाही. कोर्टाने नर्स द्यायला लावली.

उलट बाजूही सांगतो. २००५ च्या शॅफर खटल्यानंतर, तक्रार करणाऱ्यावरच पुराव्याचा भार आहे, म्हणजे बहुतेक वेळा आईवडिलांवर. तज्ज्ञ साक्षीदाराची फी जिंकल्यावरही परत मिळत नाही. त्यामुळे कागद जपा. प्रत्येक ईमेल, प्रत्येक प्रोग्रेस रिपोर्ट.

---

मुक्ता_एडिसन

न्यू जर्सीवाल्यांसाठी: आपल्याकडे २००८ च्या राज्य कायद्याने हा भार शाळेवर टाकलेला आहे. केंद्राचा कायदा जमिनीची पातळी ठरवतो, राज्य त्याच्यावर मजला चढवू शकतं. म्हणून राज्याच्या निवडणुकांकडेही लक्ष हवं.

---

मीनल_सातारा

मी इथे जिल्ह्यात फिरती विशेष शिक्षिका आहे. तुमचा धागा सगळा वाचला. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ६ ते १८ वयाच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे, समग्र शिक्षामधून वर्षाला मुलामागे ३,५०० रुपये धरलेले आहेत. पण प्रत्येक मुलाचा आयईपी आणि तो पाळला नाही तर पालकांनी शाळेला सुनावणीला बोलवायचं, ही तुमच्याकडची रचना इथे नाही. माझ्याकडे येणाऱ्या आया शाळेने मुलाला बसू दिलं तरी उपकार मानतात. तुम्ही हक्क म्हणून मागता हे वाचून बरं वाटलं.

अमेरिकेतून परत येणाऱ्या कुटुंबांना एक सांगते. तिथला आयईपी इथल्या शाळेवर बंधनकारक नसतो, पण सगळे रिपोर्ट घेऊनच या, आम्हाला मुलासोबत पहिल्या दिवसापासून काम सुरू करता येतं. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) लवकर काढा.

---

जयंत_नेपरव्हिल

मी पुढच्या बोर्ड मीटिंगमध्ये बोलायचं ठरवलंय. मुलांना मुलांसमोर उभं करू नका, केंद्राच्या वाट्याचा आकडा बजेटच्या सादरीकरणात दाखवा, एवढंच मागणार. आमच्या काँग्रेसमनच्या ऑफिसला फोनही करतो. ज्यांना मतदानाचा हक्क नाही त्यांनी फोन केला तर चालतो का?

---

शाळेतलीच_एक

चालतो काका. त्या भागात राहणारा कोणीही फोन करू शकतो, नागरिक असायची अट नाही. मुलाचं नाव सांगू नका, शाळेचं गाव सांगा आणि आयडियाच्या पूर्ण निधीबद्दल बोला. आलेल्या फोनची ऑफिसमध्ये नोंद होते.

---

ऋचा_फ्रिस्को

सगळ्यांची खूप आभारी आहे. पत्रात नेमकं काय लिहू आणि कोणाला देऊ? शाळा उन्हाळ्यात बंद होईल तेव्हा काय?

---

सुहास_ह्यूस्टन

डिस्ट्रिक्टच्या स्पेशल एज्युकेशन डायरेक्टरला ईमेल, सीसीमध्ये तुमच्या भागातल्या एलिमेंटरीचे प्रिन्सिपॉल. लिही: माझ्या मुलाची जन्मतारीख ही, तो सध्या अर्ली इंटरव्हेन्शनमध्ये आहे, त्याला अपंगत्व असावं अशी मला शंका आहे, आयडियाखाली त्याचं संपूर्ण प्राथमिक मूल्यमापन करा, बोलणं, ओटी, वर्तन आणि ऑटिझम या सगळ्या बाबतींत. घरची भाषा मराठी आहे हे लिही. नकार असेल तर कारणासह लेखी द्या, हे वाक्य घालच.

टेक्सासमध्ये लेखी मागणी पोचल्यावर १५ शालेय दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तू संमतीपत्रावर सही केलीस की साधारण ४५ शालेय दिवसांत रिपोर्ट. दिवस शाळेचे मोजतात, उन्हाळ्याचे नाही, म्हणून मे महिन्याची वाट बघू नकोस. रिपोर्टनंतर जी मीटिंग होते तिला आपल्याकडे एआरडी म्हणतात, आयईपी मीटिंगच ती. अर्ली इंटरव्हेन्शनच्या तुझ्या सर्व्हिस कोऑर्डिनेटरलाही आजच सांग, तिसऱ्या वाढदिवसाच्या किमान ९० दिवस आधी तिने डिस्ट्रिक्टबरोबर बैठक ठरवायची असते. अडलीस तर पार्टनर्स रिसोर्स नेटवर्कला फोन कर. प्रत्येक राज्यात केंद्राच्या पैशातून चालणारं असं एक पालक केंद्र आहे, सल्ला फुकट मिळतो. मसुदा लिहून झाला की मला निरोपातून पाठव, पाठवायच्या आधी मी वाचून देतो.